वस्तीची मोजणी कोणी करायची आणि कशासाठी?

पुणे महापालिकेच्या हद्दीत अलीकडे समाविष्ट झालेल्या एका गावातील तरुण-तरुणींच्या गटाने मला पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या गावठाणाभोवती गुंठेवारीची घरे, भाड्याच्या खोल्या आणि बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्या झपाट्याने वाढत आहेत. पाणी टँकरने येते, सांडपाणी ओढ्यात जाते आणि कचरा रस्त्याकडेला पेटवला जातो. एका महाविद्यालयाने या भागाचे सर्वेक्षण करून देण्याची तयारी दाखवली आहे. ते त्यांच्याकडून करून घ्यावे की गटाने स्वतः करावे, आणि अशा अभ्यासातून प्रत्यक्षात काही बदलते का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बदलते. मात्र ज्या अभ्यासांमुळे पुण्यात आणि मुंबईत काही बदलले, त्यांत मला दोन गोष्टी कायम दिसल्या आहेत. पालिकेचा किंवा शासनाचा नेमका कोणता निर्णय बदलायला हवा, हे माहिती गोळा करण्याआधीच ठरलेले होते. आणि गोळा झालेली माहिती ज्यांच्याविषयी होती, त्यांच्याच हातात राहिली. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर अहवाल निघतो, पण वस्तीत पाणी येत नाही. बाकी सगळे, म्हणजे प्रश्नावली, अॅप, नकाशा, तज्ज्ञांची मदत, हे त्यानंतर येते.

शहराकडे तुमच्या भागाची नेमकी माहिती नाही, हे आधी नीट समजून घ्या. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची आहे. २०२१ची वेळेवर झालीच नाही. पुणे महापालिकेत ११ गावे ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि आणखी २३ गावे ३० जून २०२१ रोजी. म्हणजे तुमच्या गावाची शेवटची शिरगणती झाली तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती आणि आजच्या इमारतींच्या जागी बहुतेक ठिकाणी शेत होते. त्यात पुन्हा व्याख्यांचा प्रश्न आहे. २०११च्या जनगणनेने झोपडपट्टी म्हणून मोजण्यासाठी किमान ३०० लोकसंख्या किंवा साधारण ६० ते ७० कुटुंबे, अशी अट घातली होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात मात्र २० कुटुंबांचा समूह पुरेसा मानला जातो. बांधकामाच्या जागेवर १५ पत्र्याच्या खोल्या असतील तर त्या दोन्हींत बसत नाहीत. गुंठेवारीच्या घरांना पक्क्या भिंती असतात म्हणून ती झोपडपट्टीत धरली जात नाहीत, आणि बांधकाम परवानगी नसते म्हणून नियमित वसाहतींतही येत नाहीत. १९७१च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली एखादी वस्ती घोषित झाली की तिला निदान काही सुविधांचा दावा तरी करता येतो. अघोषित वस्तीला प्रत्येक नळासाठी नव्याने अर्ज, विनवण्या आणि ओळखी कराव्या लागतात. वाढत्या शहरात सर्वाधिक माणसे याच मधल्या जागेत राहायला येतात, आणि नेमकी तीच जागा सरकारी तक्त्यात रिकामी राहते.

अशा रिकाम्या जागेत स्वतःचे नाव कसे लिहावे, याचा धडा मला भायखळ्याच्या पदपथांवरून मिळालेला आहे. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. पण रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा सरला की झोपड्या हटणार, ही टांगती तलवार होती. आदल्याच वर्षी भायखळ्यात सुरू झालेल्या स्पार्क या संस्थेने त्या दिवसांत पदपथावर राहणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन पदपथवासीयांची गणना केली आणि सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. तोवर ही माणसे आज इथे, उद्या तिथे अशी फिरती असल्याचे गृहीत धरले जात होते. गणनेतून दिसले की कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे एकाच पदपथावर राहत होती आणि कामाची जागा पायी गाठता यावी म्हणून तिथे राहत होती. त्यांच्या मजुरीतून रोजचे बसभाडे निघणे शक्य नव्हते, म्हणून शहराबाहेर दिलेला भूखंड त्यांच्या उपयोगाचा नव्हता. हे सगळे आकड्यांसह मांडले गेल्यावर चर्चेचा सूर बदलला.

या गणनेचे त्याहून मोठे फळ म्हणजे ती करताना तयार झालेली संघटना. गल्लोगल्ली प्रश्न विचारत फिरलेल्या बायकांना एकमेकींच्या घरची परिस्थिती कळली, रोजच्या बचतीचे गट उभे राहिले आणि त्यांतून महिला मिलन ही बायकांची संघटना आकाराला आली. जॉकीन अर्पुथम यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात उभा राहिलेला राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्याबरोबर आला. चेंबूर-मानखुर्द भागातील जनता कॉलनी १९७६ मध्ये पाडून तिथल्या लोकांना चिता कॅम्पमध्ये हलवले गेले, तो अनुभव जॉकीन यांच्या गाठीशी होता. वस्ती एकदा पाडल्यावर पुरावे गोळा करण्यात अर्थ नसतो, पुरावा आधी हाताशी हवा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. महिला मिलनच्या बायकांनी पुढे घर कसे हवे याचाही अभ्यास केला. साड्यांनी मापे घेऊन, खोलीच्या भिंती कापडाने उभ्या करून त्यांनी ठरवले की जमीन कमी असेल तर खोलीची उंची १४ फूट असावी, म्हणजे पोटमाळा घालून रात्री निम्मे कुटुंब वर झोपू शकेल. ही मागणी घर झाडणाऱ्या, त्यात स्वयंपाक करणाऱ्या आणि पाहुणा आला की कोण कुठे झोपेल याची आखणी रोज करणाऱ्या बाईकडूनच येऊ शकते. १९९५च्या पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांना स्थान मिळाले आणि नंतर मानखुर्दच्या मिलननगरमध्ये त्यांच्यापैकी अनेकांची घरे उभी राहिली. गणनेपासून घरापर्यंतचा हा काळ फार मोठा आहे. तो तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे, कारण सर्वेक्षण संपताच निकाल हाती येईल अशी अपेक्षा ठेवून आलेले गट पहिल्या वर्षातच विखुरतात.

रेल्वेरुळांलगतच्या झोपड्यांच्या बाबतीतही असेच झाले. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रूळ मोकळे करायचे होते, तेव्हा सुमारे ६०,००० लोक पोलिसी बळाशिवाय स्थलांतरित झाले. हे शक्य झाले, कारण कोणते घर कोणत्या रुळाच्या किती जवळ आहे आणि त्यात कोण राहते, याच्या याद्या वस्तीतल्या लोकांनी स्वतः केलेल्या होत्या आणि त्या वस्तीतच तपासल्या गेल्या होत्या. यादीवर लोकांचा विश्वास असेल तर ‘माझे नाव का नाही’ हे भांडण स्थलांतराच्या दिवशी होत नाही, ते कित्येक महिने आधी होऊन मिटलेले असते.

आता पुण्याकडे येतो. १९९९ मध्ये तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधील सार्वजनिक शौचालये बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम स्वयंसेवी संस्थांना द्यायचे ठरवले, आणि पुढच्या दोनेक वर्षांत शहरात ४०० हून अधिक शौचालय-संकुले उभी राहिली. त्यांत सुमारे १०,००० शौचकूपे होती. आकडा मोठा आहेच, पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातील काही संकुलांचा आराखडा. महिला मिलनच्या बायकांनी तो घडवताना जुन्या शौचालयांत नेमके काय होते ते पाहिले होते. सकाळच्या रांगेत लहान मुलांना मोठी माणसे मागे ढकलतात. आत अंधार असतो, भांडे मोठे असते आणि मूल पडण्याच्या भीतीने आत जातच नाही, बाहेर गटारीच्या काठावर बसते. म्हणून मुलांसाठी वेगळा भाग, लहान भांडी आणि धरायला दांडा, असा आराखडा झाला. स्त्री-पुरुषांची दारे समोरासमोर न ठेवता वेगळ्या बाजूंना ठेवली. हातात बादली असताना दार ओढून उघडणे अवघड जाते, म्हणून दोन्ही बाजूंना उघडणारी दारे बसवली. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली दिली, त्यामुळे रात्री-अपरात्रीही तिथे कोणीतरी असे आणि कुटुंबांच्या मासिक पासातून त्यांचा पगार निघे. यांपैकी एकही गोष्ट तोवरच्या ठरावीक आराखड्यात नव्हती, आणि ती सुचण्यासाठी पदवी लागत नव्हती. लागत होते ते त्या रांगेत रोज उभे राहणे.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाण्याचे व विजेचे बिल कोणी भरायचे आणि मोठी दुरुस्ती कोणाच्या खर्चाने करायची, हे जिथे लेखी ठरले नाही, तिथे इमारत चांगली असूनही काही वर्षांत टाक्या कोरड्या पडतात आणि दारे निघतात. सार्वजनिक शौचालय हा तात्पुरता उपाय आहे, असे माझे आता स्पष्ट मत आहे. जिथे घरात शौचालय शक्य आहे तिथे ते घरातच व्हावे. पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने ‘एक घर, एक शौचालय’ हे काम २०१३ पासून चालवले आहे आणि ते पुण्याबरोबरच सांगली, कोल्हापूर, ठाणे अशा शहरांत पोहोचले आहे. त्यांच्या पद्धतीत आधी वस्तीतील प्रत्येक घराची माहिती आणि ड्रेनेजच्या वाहिन्या एकाच नकाशावर आणल्या जातात. ‘या वस्तीत घरोघरी शौचालय होऊ शकत नाही’ असे जे सरसकट सांगितले जाते, ते नकाशा समोर ठेवला की अनेक घरांपुरते खोटे ठरते, कारण वाहिनी दारासमोरूनच गेलेली असते. संस्था साहित्य दारापर्यंत पोहोचवते, बांधकामाचा खर्च कुटुंब उचलते. तुमच्या भागासाठी मला हा धडा सर्वांत उपयोगी वाटतो. तुमच्याकडे चेंबर कुठे आहेत, त्यांतले किती जोडलेले आहेत, पाणी शेवटी कोणत्या ओढ्यात उतरते, हा नकाशा पालिकेकडे आज बहुधा अपुरा असेल. ग्रामपंचायतीने टाकलेल्या वाहिन्यांच्या नोंदी हद्दवाढीत व्यवस्थित हस्तांतरित झालेल्या क्वचितच आढळतात. त्या वाहिन्या कुठून गेल्या हे जुन्या प्लंबरला आणि ज्यांच्या अंगणात खणले होते त्या घरमालकांना आठवत असते.

श्रमाची किंमत मोजणारा अभ्यास हाही याच परंपरेतला आहे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून. कचरावेचक बाईकडे लोक संशयाने पाहत होते. २००१च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते, कारण तिने उचललेला माल पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. दया किंवा उपकाराची भाषा त्यामुळे मागे पडली आणि देण्याघेण्याचा हिशेब पुढे आला. पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे कचरावेचकांना आधीच मिळाली होती, पुढे आरोग्य विम्याची सोय झाली आणि २००८ मध्ये त्यांच्याच स्वच्छ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार झाला. आजही तो करार प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी झगडून टिकवावा लागतो, ही खंत आहे. तुमच्या भागात कचरा जळतो आहे, तर आधी हे शोधा की सध्या तिथे कोणत्या बायका भंगार वेचतात. त्यांना वगळून घंटागाडीची मागणी केलीत तर एका गरीब गटाची सोय दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन होईल.

पाण्याविषयी तुम्ही विशेष विचारले आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीवर कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतली, म्हणून वस्ती अघोषित, म्हणून त्या काळी अधिकृत नळ नव्हता. पुकार या संस्थेने तिथल्याच तरुण-तरुणींना संशोधनाचे प्रशिक्षण दिले आणि बाहेरच्या वैद्यकीय संशोधकांबरोबर त्यांनी पाण्याचा अभ्यास केला. तिथे मोटारी लावून लांबच लांब पाइपांनी पाणी विकले जात होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही ऋतूंत ९५ टक्के कुटुंबांना माणशी रोज ५० लिटरही पाणी मिळत नव्हते, आणि हजार लिटरला २ रुपये २५ पैसे या पालिकेच्या दराच्या तुलनेत ही कुटुंबे ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. ‘झोपडपट्टीवाले फुकट पाणी वापरतात’ या समजुतीला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. आणि हे उत्तर मिळाले, कारण कोणत्या गल्लीत कोणाची मोटार आहे आणि पिंपाला काय भाव आहे, हे विचारणारी मुलगी त्याच गल्लीतली होती. अनोळखी माणसाला हा भाव कोणी सांगितला नसता. डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की घर अनधिकृत आहे किंवा ठरावीक तारखेनंतरचे आहे एवढ्या कारणाने पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. तुमच्या अर्जात या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकटवाडी, धायरी ही समाविष्ट गावे चर्चेत आली आणि पाण्याचे स्रोत तपासायची धावपळ झाली. कोणत्या सोसायटीला विहिरीचे, कोणाला बोअरचे, कोणाला खासगी टँकरचे पाणी मिळते, क्लोरीन कोण टाकते आणि ते कोण तपासते, ही माहिती संकट येण्याआधी जमवलेली असेल तर डॉक्टरांचे कितीतरी दिवस वाचतात. तुमच्या पहिल्या अभ्यासाचा विषय म्हणून मी हाच सुचवीन : प्रत्येक घराला पाणी कुठून येते, किती वेळाने येते आणि त्यासाठी महिन्याला किती पैसे जातात. हा विषय बंगल्यातल्या माणसालाही जवळचा वाटतो आणि पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरूलाही, म्हणून सुरुवातीला गावात फूट पडत नाही.

काम कसे करावे, ते आता थोडक्यात सांगतो. आधी संपूर्ण भाग पायी फिरा आणि हाताने कच्चा नकाशा काढा. मोबाइलवरचा उपग्रह-नकाशा त्यानंतर उघडा. मग प्रत्येक दाराला क्रमांक द्या. येथे घाई करू नका. एका दारामागे तीन भाडेकरू कुटुंबे असू शकतात, एका जिन्याखाली एकटा राहणारा वॉचमन असू शकतो, आणि घरमालक भाडेकरूंची संख्या कमी सांगतो, कारण त्याला मिळकतकराची धास्ती असते. क्रमांक दाराला न देता चुलीला द्यावा, म्हणजे जितकी कुटुंबे वेगळा स्वयंपाक करतात तितके क्रमांक, हा नियम मला सर्वांत निर्दोष वाटतो. प्रश्नावली एका पानाची ठेवा. जात, धर्म, आधार क्रमांक, मूळ गाव हे पाण्याच्या सर्वेक्षणात विचारू नका. नको ती माहिती तुमच्याकडे असली की उद्या कोणीतरी ती मागायला येईल. सकाळी अकराला गेलात तर कामावर गेलेली कुटुंबे कायमची सुटतात, म्हणून संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवार हाच वेळ धरा. प्रश्न विचारणाऱ्यांत निम्म्या तरी बायका असाव्यात, कारण पाणी भरणारी बाई घरात एकटी असेल तर ती अनोळखी तरुणाशी उंबऱ्यात उभी राहून मनमोकळे बोलणार नाही, आणि नवऱ्याला पाण्याचे तास बहुधा ठाऊक नसतात.

यादी तयार झाली की ती मंदिराच्या सभामंडपात, दुकानाच्या भिंतीवर, बांधकामाच्या गेटवर लावा आणि पंधरा दिवस हरकती घ्या. क्रमांक, गल्ली आणि माणसांची संख्या एवढेच लावा. उत्पन्न किंवा आजार भिंतीवर नको. हरकतीच्या या पंधरवड्यात सर्वेक्षण खऱ्या अर्थाने वस्तीचे होते. मला कितीतरी ठिकाणी असे दिसले आहे की पहिल्या फेरीत ‘आम्हाला काही नको’ म्हणणारी बाई, शेजारणीचा क्रमांक भिंतीवर पाहून स्वतःचा लावून घ्यायला येते, येताना गल्लीच्या मागे दडलेल्या आणखी चार खोल्या दाखवते, आणि त्या दिवसापासून गटाच्या बैठकीला बसू लागते.

नकाशाचा एक धोकाही लक्षात घ्या. ओढ्याकाठची घरे तुम्ही पुराच्या धोक्यासाठी नोंदवाल, आणि तोच नकाशा ती घरे हटवण्यासाठी वापरला जाऊ शकतो. पुण्यात आंबिल ओढ्याला सप्टेंबर २०१९ मध्ये पूर आला आणि माणसे दगावली; जून २०२१ मध्ये त्याच ओढ्याकाठच्या वस्तीवर भर पावसाळ्यात पाडकाम सुरू झाले आणि न्यायालयाला ते थांबवावे लागले. म्हणून अशा घरांची माहिती त्या घरांच्या संमतीशिवाय बाहेर द्यायची नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. संमती म्हणजे अर्जावरची सही नव्हे. ही माहिती कोणाला, कशासाठी दाखवणार हे त्यांच्या भाषेत सांगून मिळालेला होकार. बांधकाम मजुरांच्या वस्तीत तो हिंदीत किंवा तेलुगूतही सांगावा लागेल.

लोकांनी पुढाकार घेणे आणि पालिकेने अंग काढून घेणे, या दोहोंची गल्लत होऊ देऊ नका. कराचीच्या ओरंगी भागात १९८० पासून अख्तर हमीद खान यांनी उभ्या केलेल्या कामात याची विभागणी फार स्पष्ट होती : घरातले शौचालय आणि गल्लीतली गटार लोकांनी स्वतःच्या पैशाने व देखरेखीखाली बांधायची, आणि ती जिथे जाऊन मिळते ती मुख्य वाहिनी व शुद्धीकरण केंद्र शासनाने. गल्लीतले काम लोकांनी कंत्राटदारापेक्षा कितीतरी स्वस्तात केले. पण मुख्य वाहिनी नसेल तर गल्लीची गटार ओढ्यातच जाणार. तुमच्या भागात वर्गणी काढून पाइप टाकायची कल्पना लवकरच कोणीतरी मांडेल. त्याआधी पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याला भेटा, मुख्य वाहिनी कुठवर आली आहे ते विचारा, आणि तो जे सांगेल ते लेखी मागा. तोंडी मिळालेले आश्वासन त्याच्या बदलीबरोबर जाते. लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. नकाशाची एक प्रत मात्र त्याला विनामोबदला द्या. तुमच्या भागाचा खरा नकाशा हाताशी असलेला अभियंता हा पुढच्या बैठकीत बरेचदा तुमचाच साक्षीदार होतो, कारण त्यालाही वरिष्ठांपुढे काम मंजूर करून घ्यायला आधार हवा असतो.

वेळेचे गणित पालिकेच्या अंदाजपत्रकावर बांधा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील कामे सुचवता येतात. हे अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला मांडले जाते. सर्वेक्षण जूनपर्यंत आटोपले तर जुलै महिना यादी दुरुस्त करायला मिळेल आणि अर्जात ‘आमच्या भागात पाण्याची टंचाई आहे’ असे मोघम वाक्य न लिहिता कोणत्या गल्लीतल्या किती चुलींना आठवड्यात किती तास पाणी येते, हे लिहिता येईल. टाकी किंवा मुख्य जलवाहिनी या योजनेतून होणार नाही, ती मोठ्या प्रकल्पांची कामे आहेत. पण वाहिनीची जोडणी, चेंबरची दुरुस्ती, पथदिवे अशी कामे होऊ शकतात, आणि पहिले लहान काम डोळ्यांसमोर झाले की गट टिकतो.

राहिला प्रश्न महाविद्यालयाचा. त्यांना नाही म्हणू नका. नकाशाची अचूकता, पाण्याच्या नमुन्यांची प्रयोगशाळेतील तपासणी, आकड्यांची मांडणी यांत त्यांची मदत मोलाची आहे, आणि पालिकेतला अधिकारी महाविद्यालयाच्या शिक्क्याला मान देतो. पण बोलणी सुरू होण्याआधी चार अटी लेखी घाला. प्रश्नावली दोघांनी मिळून ठरवायची आणि अंतिम शब्द गटाचा असेल. विद्यार्थ्यांबरोबर प्रत्येक घरी गटातले एक माणूस जाईल, आणि त्याला त्या दिवसांचे मानधन मिळेल. विद्यार्थ्याला गुण मिळतात, वस्तीतल्या मुलीचा मात्र रोज बुडतो. मूळ भरलेले अर्ज आणि संगणकातील संपूर्ण माहिती गटाकडे राहील, महाविद्यालयाला नावे वगळलेली प्रत मिळेल. आणि निष्कर्ष कुठेही छापण्यापूर्वी ते मराठीत, गावाच्या सभेत वाचून दाखवले जातील व त्यांवरील हरकती नोंदवल्या जातील. या अटी मान्य करणारे प्राध्यापक मला पुण्यात भेटलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर झालेली कामे उत्तम झाली आहेत. तुमच्या महाविद्यालयाला तिसरी अट मान्य नसेल, तर त्यांच्याकडून फक्त पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करून घ्या आणि मोजणी स्वतःच करा.